जयपूरची पेटी आणि हुपरीची चांदी



या मालिकेत आपण लढायांवर बोललो, किल्ल्यांवर बोललो, तहनाम्यांवर तर इतके बोललो की माझी पत्नी म्हणाली, आता जरा घरातल्या वस्तूंवर बोला. म्हणून आज पुठ्ठ्याच्या पेटीवर बोलतो. भेट म्हणून मिळते ती जाड, टणक, वरून सुंदर कागद चढवलेली पेटी. आतली मिठाई संपते, पण पेटी टाकवत नाही. धंदेवाले तिला ‘रिजिड बॉक्स’ म्हणतात. जयपुरात ती ढिगाने बनते, आणि तिच्यामागे पाचशे वर्षांची एक गोष्ट आहे. ती मला माझ्या एका चुकीमुळे कळली, म्हणून आधी चूक सांगतो.

मी आर्मी सर्विस कोअरमध्ये होतो. लढणाऱ्यांच्या पोटाची आणि गाड्यांच्या टाकीची काळजी घेणारे ते खाते. पीठ, तेल, डिझेल, डबाबंद फळे मोजण्यात नोकरी गेली. शेवटची नेमणूक जयपूरला होती. साउथ वेस्टर्न कमांड २००५ मध्ये उभी राहिली आणि आमच्यासारखे बरेच जण या शहराला चिकटले. निवृत्तीनंतर मीही इथेच घर केले.

माझी भाची कोल्हापूरला असते. हुपरी तिथून जवळ, हातकणंगले तालुक्यात. हुपरीची चांदी, विशेषतः तिथले पैंजण, तुम्हा सगळ्यांना ठाऊक असतील. इंदूर, बडोदा, हैदराबादच्या मराठी घरांतही ते गेलेले आहेत. भाचीने तिथल्या कारागिरांकडून माल घेऊन घरबसल्या विक्री सुरू केली. तीन वर्षांत बरा जम बसला, तेव्हा तिला वाटले, आता आपल्या मालाला शोभेल अशी पेटी हवी. तिने मला फोन केला. “मामा, जयपूरच्या पेट्या लई भारी असतात म्हणे. तुम्ही स्वतः हात लावून बघा आणि ठरवा. मी तुमच्यावर सोडते.”

पाचशे पेट्या, एकीला ११० रुपये. म्हणजे ५५ हजार, भाडे वेगळे. हे पैसे तिने पाटल्या गहाण ठेवून उभे केले होते. ते मला नंतर कळले.

मी एका कारखान्यात गेलो. नाव घेत नाही, कारण दोष त्यांच्याइतकाच माझा होता. त्यांनी पंधरा नमुने मांडले. मी दाबून पाहिले, झाकण उघडून-मिटून पाहिले, चुंबकाची ‘टक्’ ऐकली आणि त्यातली एक निवडली. मे महिना होता. लूमध्ये पेट्या चांगल्या खडखडीत वाळलेल्या होत्या. त्या जूनअखेर कोल्हापूरला पोचल्या. पुढचे सांगायच्या आधी, ही पेटी आली कुठून ते पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याकडे मौल्यवान वस्तू टणक पेटीत ठेवायची पद्धत सार्वत्रिक नव्हती. मऊ कापडात बांधायची पद्धत त्याहून मोठी होती. पुण्याचे पेशवे दप्तर घ्या. तिथले मोडी कागद ‘रुमाला’त बांधलेले आहेत, आणि दप्तराची मोजणीसुद्धा रुमालांत होते, हजारो रुमाल. राजस्थानात त्याच गाठोड्याला ‘बस्ता’ म्हणतात. राजेलोक एकमेकांना पत्र पाठवत ते किनखापाच्या पिशवीत घालून, तोंड बांधून, लाखेची मोहोर करून. त्या पिशवीचे नाव ‘खरिता’. मूळ अरबी शब्दाचा अर्थच पिशवी. मराठीत त्याचा ‘खलिता’ झाला आणि आपण पत्रालाच खलिता म्हणू लागलो. पिशवीचे नाव आतल्या वस्तूला लागले.

‘करंडक’ शब्दाचे याच्या उलट झाले. करंडा म्हणजे झाकणाची डबी, आपल्या आजीच्या कुंकवाचा करंडा आठवा. इंग्रजी अमलात मोठ्या माणसाला मानपत्र द्यायचे ते चांदीच्या करंडकात घालून. पुढे आतले मानपत्र गळाले आणि रिकामा करंडकच बक्षीस झाला. आज पुण्यात ‘पुरुषोत्तम करंडक’ जिंकणाऱ्या मुलांना कोणी सांगत नाही की बाळांनो, तुम्ही डबी जिंकलीत. आमच्या रेजिमेंटांतून निरोप समारंभाला मखमलीच्या पेटीतून जे देतात, त्यातही पेटी निम्मा मान घेऊन जाते.

म्हणजे दोन वेगळी कामे आहेत. बांधून ठेवायचे काम कापड आणि कागद करत आले. मान देऊन पुढे करायचे काम तबक, करंडक आणि पेटी यांचे. १८७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स जयपूरला आला, शहराला गुलाबी रंग दिला गेला तो याच वेळी. तेव्हा महाराजा रामसिंहांनी त्याला मीनाकामाचे एक तबक दिले. ते घडवायला चार वर्षे लागली, अशी नोंद जॉर्ज बर्डवुडने करून ठेवली आहे.

आणि खुद्द जव्हेरी काय करतो? जयपूरला आलात तर सकाळी जोहरी बाजारात, गोपाळजी का रस्ता म्हणतात त्या गल्लीत उभे राहा. रत्नांचे दलाल खिशातून कागदाची पुडी काढतात, तळहातावर उलगडतात आणि त्यात पाचू, माणिक, पुष्कराज असतात. लाखोंचा माल आणि घडी घातलेला कागद! आपल्याकडचे सराफही दागिना गुलाबी कागदाच्या पुडीत बांधून देतात. ज्याला रत्नाची किंमत कळते तो आपसातल्या व्यवहारात पेटी वापरत नाही, हे मला उशिरा उमजले.

पुठ्ठ्याची पेटीदेखील जव्हेऱ्याच्याच गरजेतून मोठी झाली, पण ती अमेरिकेत. बॉस्टनचा एक जव्हेरी ॲरन डेनिसन, पुढे अमेरिकी घड्याळांच्या कारखानदारीचा प्रवर्तक म्हणून तो नावाजला. दागिन्यांसाठी युरोपातून येणाऱ्या डब्यांवर तो खूश नव्हता. त्याचे वडील अँड्र्यू मेन राज्यातल्या ब्रन्सविक गावी चप्पल-बूट शिवायचे. १८४४ मध्ये बापलेकांनी डब्या बनवायला सुरुवात केली. चामडे कापणाऱ्या हाताने पुठ्ठा कापला. पुढे त्यातूनच डेनिसन कंपनी झाली. तिकडची गोष्ट एवढीच पुरे.

आता सांगानेर. जयपूरच्या दक्षिणेला, विमानतळाजवळ, शहरापासून बारा-तेरा किलोमीटर. सांगानेरी छापाचे कापड तुम्ही वापरले असेल. त्याच गावात कागदी समाजाची वस्ती आहे. परंपरा सांगते की सोळाव्या शतकात आमेरच्या राजा मानसिंहाने कागद बनवणारी घराणी इथे वसवली. जयपूर शहर वसले ते त्यानंतर बऱ्याच काळाने, १७२७ मध्ये, सवाई जयसिंहाच्या हातून. नव्या राजधानीचे हिशेब, रोजनिशा, वह्या यांना कागद लागला आणि तो सांगानेरने पुरवला.

हे आपल्याला परके नाही. दौलताबादजवळ खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा आहे. जुन्नरचा कागद पेशवाईत प्रसिद्ध होता. जुन्नरी आणि दौलताबादी ही नावे कागदाची जात सांगायला वापरत. पुण्यात कसब्यात कागदीपुरा हे नाव अजून टिकून आहे. जयपूरच्या दरबारात पुण्याहून खलिते जात आणि उत्तरे येत, तेव्हा एका बाजूला आपला दख्खनी कागद आणि दुसऱ्या बाजूला सांगानेरी, अशी ती भेट होत असणार. मराठी माणसाची जयपुरातली खरेदी मात्र नेहमीच सुखाची झाली असे नाही. जानेवारी १७५१ मध्ये, ईश्वरीसिंहाच्या आत्महत्येनंतर, नवे शहर बघायला आणि खरेदी करायला तटाच्या आत गेलेले शेकडो मराठे एका दुपारी मारले गेले. त्यावर आपण कधीतरी वेगळे बोलू.

जुना कागद कसा होई? ताग, सुतळी, जुनी दोरखंडे, चिंध्या चुनखडीच्या पाण्यात मुरवायच्या, ढेंकीखाली कुटायच्या, धुवायच्या, पुन्हा कुटायच्या. लगदा हौदात कालवून गवताच्या काड्यांच्या चटईवर उचलायचा. एकावर एक थर रचून पाणी दाबून काढायचे, भिंतीवर वाळवायचे. मग खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे. घोटल्याशिवाय बोरूची शाई फुटते. एका तावामागे इतकी माणसे आणि इतके पाणी.

गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हे सगळे कोसळले. एकोणिसाव्या शतकात सरकारी कचेऱ्यांनी विलायती कागद घ्यायला सुरुवात केल्यावर देशी कागद्यांचे मोठे गिऱ्हाईकच गेले. त्यांच्यातले बरेच जण शेतीत गेले, बरेच मजुरीत. सांगानेरला काही घरांनी हौद बंद केला नाही, एवढेच.

मग वर्धा आली. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापला. कारभारी जे. सी. कुमारप्पा, ठिकाण मगनवाडी. हातकागद हा त्यांच्या आवडीचा विषय होता. प्रयोग झाले, जुन्या कागद्यांना शोधून काढले गेले. १९४० मध्ये पुण्यात के. बी. जोशी यांनी हातकागद संस्था सुरू केली. शिवाजीनगरची ती संस्था पुणेकरांना सांगायला नको, आमच्या लग्नाच्या पत्रिकांचा कागद तिथलाच होता. पुढे खादी आयोगाने हा धंदा हाती धरला आणि १९९० च्या दशकात सांगानेरला राष्ट्रीय हातकागद संस्था निघाली, तिला नाव दिले कुमारप्पांचे. वर्ध्यात सुरू झालेले काम असे राजस्थानात जाऊन स्थिरावले.

पण लिहायला हातकागद कोण घेणार? इथे सांगानेरने शहाणपणा केला. तिरुपूरच्या बनियन कारखान्यांतली पांढरी कातरण आणायची, तिचा लगदा करायचा, त्यात फुलांच्या पाकळ्या, रेशमाचे धागे घालायचे, वर सांगानेरी बुट्टी छापायची आणि वेष्टनाचा कागद, पिशव्या, वह्या, पेट्या करून परदेशी पाठवायच्या. लिहायचा कागद गुंडाळायचा कागद झाला. जे हात दरबारच्या वह्यांसाठी ताव उचलत, त्यांची नातवंडे आज पेटीवर चढवायचा ताव उचलतात. मला यात अधोगती दिसत नाही. पोट भरले आणि विद्या राहिली.

आता परत माझ्या चुकीकडे.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात भाचीचा फोन आला. कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. शंभरेक पेट्यांची झाकणे पन्हळीसारखी वाकली होती. काही झाकणे इतकी घट्ट झाली होती की उघडताना कागद फाटत होता. ते तिने चालवून घेतले. पण ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, खरा घाव बसला. “मामा, पेटी छान आहे हो. पण पैंजण आतल्या आत काळं पडतंय. गिऱ्हाईक म्हणतंय चांदी खोटी आहे.”

तुम्ही सराफी घरातले असाल तर हे वाक्य किती मोठे आहे ते तुम्हाला कळेल. बेचाळीस पैंजण परत आले. तिने सगळ्यांचे पैसे दिले. हुपरीच्या कारागिराने आपली चांदी तपासून घेतली, ती चोख निघाली. तो तिच्यावर रागावला नाही, पण महिनाभर बोललाही नाही.

मी सांगानेरला गेलो, एका वृद्ध कागद्याकडे पेटी घेऊन. त्यांनी ती नखाने एका कोपऱ्यात सोलली. वरचा कागद सुंदर, हातकागदच. खाली दोन मिलिमीटरचा राखाडी पुठ्ठा. त्यांनी मला विचारले, “साहेब, याच्या आतल्या बाजूला कागद कुठे आहे?” नव्हता. थेट पुठ्ठ्यावर मखमल चिकटवली होती.

त्यांनी समजावले ते थोडक्यात असे. पुठ्ठ्याला एका बाजूने ओल्या डिंकाने कागद चढवला की वाळताना कागद आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. आतून तशाच वजनाचा कागद लावला तर दोन्ही ओढी सारख्या होतात आणि फळी सरळ राहते. आतला कागद वाचवला की पेटीमागे तीन-चार रुपये वाचतात आणि पावसाळ्यात झाकण वाकते. दुसरे, पुठ्ठ्याला लाकडासारखी धाटणी असते. ओल लागली की तो धाटणीच्या आडवा जास्त फुगतो. झाकण आणि तळ वेगवेगळ्या धाटणीने कापले तर कोरड्या मे महिन्यात ते नेमके बसतात आणि जुलैत एकमेकांशी भांडतात. हाताने उचललेल्या तावाला धाटणी जवळजवळ नसते, कारण उचलताना तो दोन्ही अंगांनी हलवतात. म्हणून कोपऱ्यावर तो सरळ वळतो. यंत्रावर ओढलेल्या ‘हातकागदा’ला मात्र धाटणी असते. दोन्ही बाजारात एकाच नावाने विकतात. ताव आडवा आणि उभा फाडून बघा, फरक लगेच कळतो.

आणि काळेपणा? राखाडी पुठ्ठा रद्दीचा असतो. त्यात गंधकाची संयुगे राहिलेली असतात. काही रंगवलेल्या मखमलींत आणि रबराच्या डिंकातही असतात. बंद पेटीत ओल आणि गंधक मिळाले की चांदी काळवंडते. लोखंडाच्या गोदामात मी नोकरीभर गंजाशी लढलो, आणि चांदीलाही शत्रू असतो हे विसरलो.

संग्रहालयांना हा प्रश्न कधीच पडून सुटलाय. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये एक चाचणी सांगितली. जे सामान कपाटात वापरायचे त्याचा तुकडा चांदी, तांबे आणि शिसे यांच्या पट्ट्यांबरोबर थोड्या पाण्यासह बंद काचेत ठेवायचा, ६० अंशांवर २८ दिवस. पट्टी डागाळली तर ते सामान बाद. आम्ही तिची घरगुती आवृत्ती केली. लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, प्रत्येकीत पुठ्ठ्याचा, मखमलीचा, डिंकाचा तुकडा, ओल्या कापसाचा बोळा आणि चांदीचे घासलेले नाणे. एका बरणीत फक्त कापूस आणि नाणे, तुलनेसाठी. बरण्या गच्चीवर उन्हात. महिन्याने राखाडी पुठ्ठ्याच्या आणि निळ्या मखमलीच्या बरण्यांतली नाणी पिवळट-तपकिरी झाली. सुती हातकागदाच्या बरणीतले नाणे जवळपास तसेच राहिले. तिथेही कागद्यांनी एक ताकीद दिली होती, खळीत तुरटी किती घालतात ते विचारा, जास्त तुरटीचा कागद आम्लधर्मी होतो.

वाहतुकीचा हिशेबही मी तेव्हा कागदावर मांडला, जो आधी मांडायला हवा होता. माझ्या खात्यातल्या शिकाऊ लेफ्टनंटनेही तो मांडला असता. पेटी १६ बाय १२ बाय ५ सेंटिमीटर, म्हणजे ९६० घन सेंटिमीटर. कुरिअरवाले बहुधा घनफळाला ५००० ने भागतात आणि येणारा आकडा किलोचा धरतात. पाचशे पेट्या झाल्या ९६ किलो. प्रत्यक्षात त्या सत्तर किलोही नव्हत्या. टणक पेटी घडी होत नाही, त्यामुळे जयपूर ते कोल्हापूर आपण हवेचे भाडे भरतो. आणि पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाकडे पाठवताना पुन्हा.

नंतरच्या उन्हाळ्यात भाची स्वतः जयपूरला आली. मला म्हणाली, “मामा, या वेळी तुम्ही फक्त गाडी चालवा.” योग्यच होते. ती चार दिवस सांगानेरला फिरली. तिने विचारलेले प्रश्न मी विचारले नव्हते. ही पेटी कोण उघडणार? ती नंतर कुठे राहणार? रोजच्या वापराचा पैंजण घेणारी मुलगी पेटी दोन दिवसांत टाकते. लग्नाची चांदी घेणारी आई ती कपाटात वीस वर्षे ठेवते. पहिलीला घडीचा साधा खोका पुरतो. दुसरीसाठी तिने दोनशेच पेट्या सांगितल्या, चुंबक नको, मखमल नको, आत-बाहेर सुती हातकागद, झाकण किंचित सैल. आधी दहा नमुने मागवले आणि ते कोल्हापुरात जुलै-ऑगस्ट न्हाणीघराबाहेर ठेवले. आईने विचारले, हे काय, तर म्हणाली, पेट्यांची परीक्षा आहे.

आतल्या चांदीला तिने काय घातले ते सांगतो. हवाबंद छोटी पिशवी, आणि तिच्यात हुपरीच्या त्याच कारागिराने बांधलेली गुलाबी कागदाची पुडी. त्या कागदात काही जादू आहे असे मी म्हणत नाही, घट्ट घडीत हवा कमी पोचते इतकेच. पण पुडी त्याने स्वतः बांधून दिली, आणि बांधता बांधता तो पुन्हा बोलायला लागला.

पहिल्या लॉटमधल्या तीनशेच्या वर पेट्या उरल्या होत्या. त्या माझ्या बहिणीच्या माडीवर आहेत. तिने त्यांत सुया-दोरे ठेवले, बटणे ठेवली, शेजारपाजारी वाटल्या. एक माझ्याकडे आली आहे. झाकण वाकलेले आहे, पण माझी पदके तीत बरोबर बसतात.